बाराखडी उभी वाचा: मुलांना घरी मराठी वाचायला शिकवायची माझी पद्धत

मागच्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे आला होता, इंग्लिश मीडियम, नुकताच दुसरी पास झालेला. मी डब्यांना लेबलं लावत होते, म्हटलं वाच बरं हे काय लिहिलंय. डब्यावर ‘हळद’ लिहिलेलं. त्याने बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोर लावून वाचलं, हा... ळा... दा. हाळादा. मग माझ्याकडे बघून विचारतो, मावशी, हाळादा म्हणजे काय? हळद त्याला चांगली माहितीये, खोकला झाला की तीच दुधातून पितो. तिन्ही अक्षरं त्याने बरोबर ओळखली होती, बाराखडी क पासून ज्ञ पर्यंत न थांबता म्हणून दाखवायचा, पण शब्द काही हाताला लागत नव्हता.

तेव्हापासून मी त्याला आणि नंतर आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी तीन मुलांना मराठी वाचायला शिकवतेय, आणि जे जे करून बघितलं त्यातलं जे चाललं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली खरी पण घरी बसून मुलाकडून वाचून घ्यायचं कसं हे आईबापांना कोणी सांगत नाही. ज्यांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही अशा मुलांसाठी हे आहे, वय पाच ते नऊ धरा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजीत फोनिक्स लागतं कारण अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा, ‘सी’ म्हणायचं आणि वाचायचं कधी क तर कधी स. मराठीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज, म्हणजे अर्धं काम आयतंच झालेलं असतं. आणि म्हणूनच आपण समजतो की मूळाक्षरं आणि बाराखडी पाठ झाली की संपलं. पण उरलेलं अर्धं काम मोठं आहे: लिहिलेलं आणि बोललेलं जिथे जुळत नाही त्या जागा. त्या जागांचे ठरलेले पॅटर्न आहेत, आणि ते एकेक करून दाखवले की मुलं भराभर वाचायला लागतात.

पहिले दोन आठवडे फक्त कान

अक्षर दाखवायचंच नाही. भेंड्या खेळायच्या, गाण्यांच्या नाही, वस्तूंच्या. स्वयंपाकघरातल्या भेंड्या, भाज्यांच्या भेंड्या, गावांच्या भेंड्या. ‘क ने सुरू होणारं काहीतरी सांग’ म्हटलं की भाचा पहिला शब्द ‘किचन’ म्हणाला, तोही चालतो, आवाज बरोबर पकडलाय ना. मग टाळ्या. शब्द नेहमीसारखा बोलायचा आणि जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवायच्या. आई, दोन टाळ्या. बटाटा, तीन. कोथिंबीर, को-थिं-बीर, तीन. हळद, ह-ळद, दोन. चमचा, चम-चा, दोन. टाळीचा हा खेळ नीट बसवा, घाई करू नका, पुढे प्रत्येक अवघड जागेला हाच कामाला येणार आहे.

पाच अक्षरं आणि एक काना

शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठी वर्णमाला ५२ वर्णांची आहे. ती सगळी आधी शिकवायची आणि मग शब्दांकडे वळायचं असं केलं तर मुलाचे चार-पाच महिने नुसती अक्षरं ओळखण्यात जातात आणि तोवर त्याचा इंटरेस्ट संपतो. मी सुरुवात पाच अक्षरांनी करते: क, म, न, ब, र. आणि सोबत लगेच काना. यातलं कुठलंच अक्षर दुसऱ्यासारखं दिसत नाही आणि शब्द भरपूर होतात. काका, मामा, नाना, बाबा, कान, नाक, मान, काम, मका, कमान, बाक, बरा. ‘बाबा, काम करा’ हे आख्खं वाक्य होतं, आणि ते पहिल्याच आठवड्यात पोराने वाचून बाबाला ऐकवलं की घरात काय आनंद होतो ते करूनच बघा.

कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापा, जाड असतात, मागची बाजू कोरी असते. काना वेगळ्या बारीक पट्टीवर काढायचा आणि ती पट्टी अक्षराला चिकटवून ठेवायची. ‘कन’ ठेवलं, आता क ला पट्टी लाव, काय झालं? कान. ती काढून न ला लाव. कना. हा सरकवासरकवीचा खेळ पंधरा मिनिटं चालतो आणि तेवढाच टाइम रोज पुरे आहे, रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं केव्हाही बरी.

आपल्याकडे पूर्वापार ग-म-भ-न ने सुरुवात करायची पद्धत आहे. पाटीवर गिरवायला ती खूप चांगली आहे, कारण हाताचं वळण एकातून दुसऱ्यात जातं. पण वाचनाला म आणि भ शेजारी शेजारी दिले की मुलं हमखास कन्फ्युज होतात. घ-ध, ब-व, थ-य, म-भ या जोड्यांमधलं एक अक्षर पक्कं झाल्यावर किमान तीन आठवड्यांनी दुसरं आणायचं. मग दोन्ही एकत्र घेऊन घार-धार, भात-मात असे शब्द वाचायला द्यायचे. ळ सुद्धा असाच: वेल-वेळ, माल-माळ, काल-काळ. इथे डोळ्यापेक्षा जीभ महत्त्वाची, इंग्लिश मीडियमच्या मुलांची ळ ला वळतच नाही बऱ्याचदा, तर आधी बोलून घ्या.

आता बाराखडी

तक्त्यावर बाराखडी आडवी वाचायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, क का कि की कु कू, आणि ती गाण्यासारखी पाठ होते. प्रॉब्लेम असा की गाणं पाठ झालेलं असतं, खूण नाही. मुलाला ‘के’ विचारा, तो मनातल्या मनात क पासून चालत येतो. म्हणून तक्ता तोच ठेवा पण उभा वाचा. एका वेळी एकच मात्रा (म्हणजे काना, वेलांटी, उकार यातली कुठलीही एक खूण), खाली खाली: का, ना, बा, मा, रा. माहिती असलेल्याच अक्षरांना. एका आठवड्यात काना, पुढच्या आठवड्यात दुसरी वेलांटी. की, मी, नी, बी, री. मी, काकी, मामी, बी. मग स, त, प, ल आणले की साप, तीन, माती, पाल, पीक, ताक... शब्दांचा पूरच येतो.

माझा क्रम असा आहे: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, दुसरा उकार, काना-मात्रा, मग पहिली वेलांटी आणि पहिला उकार, आणि ऐ-औ सगळ्यात शेवटी. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा ठेवलीये. ती अक्षराच्या आधी काढतात आणि अक्षराच्या नंतर बोलतात, त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या मुलाला आधी वेलांटी भेटते आणि ‘किडा’ वाचताना ते ‘इक’ असं काहीतरी करतं. त्याला सांगायचं की ही वेलांटी पुढच्या अक्षरावर छत्री धरून उभी आहे, आधी छत्रीखालचं अक्षर बघ. आणि ‘पश्चिम’सारख्या शब्दात तर ती दोन अक्षरांवर छत्री धरते, पण ते खूप नंतर.

‘क ला काना का, क ला मात्रा के’ हे तोंडाने म्हणणं पहिल्या आठवड्यापुरतं ठीक आहे. त्यानंतर बंद करा, प्रेमाने पण ठामपणे. नाहीतर मूल ‘मामा’ वाचायला ‘म ला काना मा, म ला काना मा’ असं चार सेकंद बोलतं आणि वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरून जातं.

हाळादा का होतं

आता त्या डब्याकडे परत येऊ. मराठीत प्रत्येक अक्षरात अ दडलेला असतो पण बोलताना आपण तो सगळीकडे उच्चारत नाही. लिहितो घर, बोलतो घर्. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, तोंडात बसलेलं असतं, पण अक्षर-अक्षर वाचणाऱ्या मुलाला ते आपोआप कळत नाही. उलट त्याला ‘प्रत्येक अक्षर पूर्ण म्हण’ असं शिकवलेलं असतं, आणि पूर्ण म्हणायच्या नादात अ चा आ होतो.

पॅटर्न तीनच आहेत. दोन अक्षरं, मात्रा नाही: शेवटचं गिळायचं. घर, मन, कर, नळ. तीन अक्षरं, मात्रा नाही: पहिलं सुटं, मागची दोन एकत्र. ह-ळद, क-मळ, ब-दक, ग-वत. तीन अक्षरं आणि शेवटच्याला मात्रा: आता पहिली दोन एकत्र. चम-चा, तब-ला, सर-डा, कप-डा, मुल-गा. चार अक्षरं बिनमात्र्याची असली तर दोन-दोन: कर-वत, सर-पण, गड-बड, अड-चण. बस, चौथा म्हणजे तिसऱ्याचाच भाऊ, म्हणून मी तीनच म्हणते.

नियम म्हणून सांगू नका, सात वर्षांच्या मुलाला नियम कशाला. टाळ्या वाजवून घ्या आणि शब्दाखाली पेन्सिलने टाळीचे कंस काढून घ्या, ह एका कंसात, ळद दुसऱ्यात. एका पॅटर्नचे दहा शब्द एकाखाली एक लिहून द्या आणि दोन-तीन दिवस तेच. माझ्या भाच्याने आठव्या-नवव्या शब्दाला कंस न काढताच ‘बदक’ वाचलं आणि चमकून वर बघितलं, मला तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

मग एक मजेशीर पायरी. ह-ळद, पण हळदीचं म्हटलं की हळ-दी-चं. क-मळ, पण कम-ळात. ब-दक, बद-का-ला. मागे काही लागलं की टाळी सरकते. हे मुलांना फार आवडतं कारण बोलताना ती हेच करत असतात आणि त्यांना पहिल्यांदा दिसतं.

टिंब

अनुस्वाराला एकच आवाज नसतो, तो पुढच्या अक्षराकडे बघून ठरतो. हे समजावण्यापेक्षा तोंडाकडे लक्ष द्यायला सांगा. ‘आंबा’ म्हण, ओठ मिटले ना? पुढे ब आहे म्हणून. कुंभार, खांब, पंप, सगळीकडे ओठ मिटतात. आता ‘आनंद’, जीभ दाताला लागली. ‘घंटा’, जीभ वर वळली. ‘गंगा’, आवाज मागून घशाजवळून आला. मूल मराठी बोलणारं असेल तर शब्द ओळखला की तोंड आपोआप बरोबर जातं, फक्त त्याला ‘टिंब म्हणजे न’ असं पाठ करायला लावू नका, नाहीतर आन्बा ऐकायला मिळतो.

शब्दाच्या शेवटी टिंब आलं की गोष्टच वेगळी. केळं, घरं, झाडं, झालं. इथे नाकातून काहीच येत नाही, शेवटचा अ फक्त लांबवायचा. शेजारची मुलगी ‘केळम्’ वाचायची, शाळेत श्लोक पाठ केलेले त्याची सवय. तिला मी ‘झाड’ आणि ‘झाडं’, ‘नाव’ आणि ‘नावं’ अशा जोड्या दिल्या, एक की अनेक ते ओळख, त्यात तिचं ते गेलं. ‘भांडं’ हा माझा सगळ्यात लाडका शब्द, दोन टिंबं आणि दोघांची कामं वेगळी. संवाद, संयम, सिंह यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, शब्द आला तर आपण वाचून दाखवायचा आणि पुढे जायचं.

जोडाक्षरं, न घाबरता

जोडाक्षरांना मुलं घाबरतात त्याचं कारण आपण ‘विद्यार्थी’ आणि ‘स्वातंत्र्य’ यांनी सुरुवात करतो. रोजच्या वाचनात सगळ्यात जास्त येणारी जोडाक्षरं कुठली? माझ्या, तुझ्या, त्याच्या, आईच्या, केल्या. ती आधी. एकच पॅटर्न, अर्ध्या अक्षराला या. मग जुळी: गप्पा, पत्ता, पक्का, चप्पल, सत्तर. मग दांडी मोडून होणारी: रस्ता, गोष्ट, मस्त, पुस्तक. म्ह-न्ह-ल्ह वेगळी घ्या, म्हैस, उन्हाळा, कोल्हा.

वाचायची युक्ती परत टाळीचीच: अर्धं अक्षर मागच्या टाळीत जातं. रस-ता, गप-पा, चप-पल, पुस-तक. मुलं र-स्ता असं तोडतात आणि अडकतात, तुकडा मागे ढकलला की सुटतं. माझ्या-तुझ्या आणि उन्हाळा-कोल्हा इथे मात्र मागच्या अक्षरावर जोर येत नाही, ती हलकीच म्हणायची. आणि ‘मित्र’, ‘शब्द’, ‘चंद्र’ असं शेवटीच जोडाक्षर आलं तर शेवटचा अ गिळायचा नाही, हे ‘घर’च्या पॅटर्नचं उलट आहे, मुद्दाम दाखवून द्या.

इथे भाच्याने मला विचारलं, मावशी, चमचा पण चम-चा आणि रस्ता पण रस-ता, मग चमचाला अर्धा म का नाही काढत? किती बरोबर प्रश्न आहे हा! मी त्याला खरं ते सांगितलं, की कानाला दोन्ही सारखेच आहेत, लिहायची रीत वेगळी आहे आणि ती डोळ्यांनी लक्षात ठेवायची. त्याने तेव्हापासून वहीच्या मागे ‘कानाला सारखे’ अशी यादी ठेवलीये, सरडा-वर्ग, मुलगा-फाल्गुन असलं काय काय त्यात आहे.

छपाईतला एक फरक पालकांनी लक्षात ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांत विद्‌यार्थी, शुद्‌ध असं द चा पाय मोडून सुटं छापलेलं असतं, आणि पेपरात, पाट्यांवर द्य, द्ध असं एकात एक गुंतलेलं. आपण घरी गुंतलेलं शिकवतो, शाळेच्या पुस्तकात सुटं दिसतं, आणि मुलाला वाटतं दोन वेगळी अक्षरं आहेत. दोन्ही रूपं एकाच कार्डावर शेजारी काढा.

र ला स्वतंत्र आठवडा द्या, दोन दिले तरी चालतील. र अर्धा असला तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि वाचताना मात्र आधी येतो: सर्प, सूर्य, वर्ग. मुलं ‘सूयर’ वाचतात कारण डोळ्याला आधी य दिसतो. र पूर्ण असला आणि त्याच्या आधीचं अक्षर अर्धं असलं तर र पोटात तिरकी रेघ होतो: चक्र, प्राणी. ट-ड ला ती पायाशी टोपीसारखी लागते: ट्रक, ड्रम. आणि चौथा आपला खास, ऱ्या मधला आडवा र: पुऱ्या, दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा. तो का वेगळा हे एका जोडीत कळतं. दर्या म्हणजे समुद्र, दर-या, जोर देऊन. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हलक्या. मोठ्या मुलांना आचार्यांना आणि आचाऱ्यांना द्या, एका वाक्यात गुरुजी येतात आणि दुसऱ्यात स्वयंपाक करणारे.

च, ज, झ

या तिघांना दोन दोन आवाज आहेत आणि लिपीत त्याची काही खूण नाही. चाक आणि चिमणी. जाड आणि जिना. झाड आणि झेंडा. पुढे इ, ई, ए किंवा य असला तर आवाज नेहमी चिमणीतला, म्हणून चमचा पण चमचे. बाकी ठिकाणी शब्द माहिती असावा लागतो: चार आकडा वेगळा आणि गुरांचा चारा वेगळा. ‘चिंच’ या एका शब्दात तर दोन्ही च आहेत. घरात मराठी बोलली जात असेल तर यावर वेळ घालवू नका. माझी बहीण बंगळुरूला असते, तिच्या मुलांना मात्र हे शब्द दोन रांगांत लिहून, वाचून रेकॉर्ड करून पाठवावे लागले, कारण ती ‘चाक’ हिंदीसारखं वाचायची.

लिहिताना काय

वाचायला लागल्यावर तीन-चार आठवड्यांनी श्रुतलेखन सुरू करा, रोज पाच शब्द, सगळे एकाच पॅटर्नचे. ऱ्हस्व-दीर्घाला पहिल्या वर्षी लाल पेन लावू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे, कारण बोलताना आपण तो फरक फारसा करतच नाही, मूल कुठून ऐकणार? दोनच गोष्टी हळूहळू सांगत राहा, दोन्ही १९६२ पासूनच्या लेखननियमांतल्याच आहेत. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार आला तर तो दुसरा: पाणी, आजी, लाडू, चेंडू (आणि ‘आणि’ हा अपवाद, तो पहिल्या दिवशीच सांगून टाका). आणि फूल, वीट, बहीण यांच्यात दीर्घ, पण मागे काही लागलं की ऱ्हस्व: फुलाला, विटेवर, बहिणीला.

वाचायला काय द्यायचं? सुरुवातीला गोष्टीची पुस्तकं नाही, त्यात सगळे पॅटर्न एकदम येतात. मी रोज रात्री एक चिठ्ठी फ्रिजला लावते, फक्त शिकवलेल्या पॅटर्नमधली. ‘लाल डबा बघ.’ डब्यात शेंगदाण्याचा लाडू. बाहेर गेलं की पाट्या: किराणा, भाजी, दवाखाना, एसटीवरची गावाची नावं. न शिकवलेला पॅटर्न आला तर ‘हे आपण नंतर’ म्हणून मी वाचून टाकते.

आणि मूल एखाद्या शब्दाला अडकलं तर मनात तीनपर्यंत मोजा. तेवढ्यात टाळी वाजवून त्याने सोडवला तर उत्तम. नाही सोडवला तर शब्द सरळ सांगा, ‘काल तर शिकवलं होतं’ हे न म्हणता, आणि त्याला ते वाक्य पहिल्या शब्दापासून परत वाचू द्या.